ॲपमध्ये बीपी पुन्हा पुन्हा ‘लाल’ का होतं? किडनीच्या रुग्णाच्या घरच्या नोंदी तपासताना सापडलेली कारणं

तक्रार एकच. दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चालतं आणि मग एखाद्या सकाळी माझ्या मोबाइलवर लाल पट्टी येते: सात दिवसांची सरासरी १५६/९१. मी चिंचवडला, अण्णा आणि आई कराडला. फोन लावावा तर अण्णा म्हणतात, "मला काय धाड भरलीय? चहा पिऊन पेपर वाचतोय." दवाखान्यात न्यावं तर तिथे १३२/७८. परत आलो की काही दिवस पट्टी हिरवी, मग पुन्हा लाल.

अण्णांची किडनी चौथ्या टप्प्यात आहे, ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाज) २२. डायलिसिस सुरू झालेलं नाही, पण पुढची सोय म्हणून डाव्या हातावर मनगटाजवळ फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट) करून ठेवला आहे. किडनीच्या डॉक्टरांनी घरी रोज बीपी मोजायला सांगितलं, म्हणून ब्लूटूथचं मशीन घेतलं, अण्णांच्या मोबाइलवर ॲप टाकलं आणि त्यातले आकडे मलाही दिसतील अशी जोडणी केली. इथवर सगळे येतात. पुढे काय बिघडतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी हिशेबाच्या कामातली बाई. ताळा जुळला नाही तर आमच्याकडे आधी ती नोंद कुठून आली ते शोधतात, रकमेला हात नंतर लावतात. अण्णांच्या बाबतीत मी नेमकं उलटं केलं. पहिली लाल पट्टी आली तेव्हा घाबरून तिचा स्क्रीनशॉट दवाखान्यात पाठवला. एक गोळी वाढली. दहा दिवसांनी अण्णा मोरीतून बाहेर येताना भेलकांडले, आईने दाराशी धरलं म्हणून पडले नाहीत. बसवून मोजलं तर वरचं १०४, उभं करून मोजलं तर ८२. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली. मग मी एकेक नोंद उलगडायला बसले आणि कळलं की त्या स्क्रीनशॉटमधल्या निम्म्या नोंदी आईच्या होत्या.

आकडा कुणाचा आहे?

मशीनवर ‘१’ आणि ‘२’ अशी माणसं बदलायची कळ असते. अण्णा १, आई २ असं ठरलेलं. आईला बीपी आहेच, पण तिला "माझं काय बघायचं" म्हणून लाज वाटते, त्यामुळे ती अण्णा फिरायला गेले की गुपचूप मोजायची आणि कळ बदलायची नाही. तिचं १६०च्या घरात. अण्णा आल्यावर मोबाइल जवळ आला की ब्लूटूथने ते आकडे इमानेइतबारे अण्णांच्या खात्यात. शेजारच्या काकूंनीही दोनदा मोजून घेतलं होतं, ते वेगळंच.

ओळखायचं कसं? नाडीवरून. अण्णांची नाडी गोळीमुळे ६० ते ६६ असते, आईची ८०च्या पुढे. ॲपमध्ये बीपीच्या शेजारी नाडीचा आकडा असतो आणि आपण तो कधी वाचत नाही. सरासरी लाल झाली की मी आधी नाडीचा रकाना बघते. मध्येच ८४ दिसलं तर ते अण्णा नाहीत. नोंद पुसून टाका. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला दुसरं, साधं मशीन घेऊन द्या. आम्ही तेच केलं. आईचं बीपी खरोखरच वाढलेलं निघालं आणि तिची औषधं बदलावी लागली, हा फायदा वेगळाच.

आकडा कधीचा आहे?

दुसऱ्या वेळची लाल पट्टी फार विचित्र होती. रोज दोनदा मोजलं जात होतं, आई शपथेवर सांगत होती, पण ॲपमध्ये आठवड्याभरात तीनच नोंदी आणि तिन्ही १५०च्या वर. बाकीच्या गेल्या कुठे? यादी खाली खाली सरकवत नेली तेव्हा सापडल्या: सगळ्या काही वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीपासून पुढच्या तारखांवर ओळीने बसलेल्या.

झालं असं की मशीनचे सेल संपले, आईने टीव्हीच्या रिमोटचे काढून घातले. सेल काढल्यावर मशीनचं घड्याळ मूळ तारखेला जाऊन बसलं. ॲप बिचारं मशीन सांगेल ती तारीख मानतं. सात दिवसांची सरासरी काढताना त्याला या सात दिवसांत फक्त तीन नोंदी दिसल्या, आणि त्या अण्णांनी स्वतः बोटाने टाइप केलेल्या होत्या. अण्णा कधी टाइप करतात? डोकं जड वाटलं, रात्री झोप लागली नाही, पायऱ्या चढून दम लागला, की मोजतात आणि लिहितात. म्हणजे सगळ्या वाईट वेळेच्या नोंदी ॲपसमोर आणि बाकी अकरा चांगल्या नोंदी जुन्या जानेवारीत गाडलेल्या. सरासरी लाल येणारच.

उपाय दोन मिनिटांचा. सेल बदलले की मोजण्याआधी मशीनची तारीख-वेळ लावायची. बऱ्याच ब्लूटूथ मशीनना मोबाइलशी जोडल्याबरोबर वेळ मोबाइलकडून मिळते, त्यामुळे आधी ॲप उघडून एकदा सिंक करायचं आणि मग पट्टा बांधायचा. चुकीच्या तारखेवर पडलेल्या नोंदी हलवता येत नसतील तर त्या पुसून नव्याने हाताने लिहिता येतात, पण वेळ आठवत असेल तरच. अंदाजाने लिहू नका. सेल पडत आलेले असताना मोजूही नका. पट्टा अर्ध्यात ढिला पडतो, मशीन पुन्हा फुगवतं, माणूस वैतागतो आणि चिडून घेतलेला आकडा खातं बिघडवतो.

आकडा पोचतच नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त लोकांची असते आणि खरं तर सगळ्यात सोपी. ब्लूटूथ चालू असूनही मशीन सापडत नसेल तर मोबाइलचं लोकेशन चालू आहे का बघा. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये जवळची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते. अँड्रॉइड १२पासून जवळपासच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली. वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर कुणीतरी नातवंड "बॅटरी खातं" म्हणून लोकेशन बंद करून जातं आणि बीपीच्या नोंदी थांबतात. दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही.

जोडणी नेहमी ॲपच्या आतून करा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन केली तर पुष्कळदा नाव दिसतं पण आकडे येत नाहीत. आधी जोडलेलं मशीन ‘विसरा’ म्हणून काढून टाकायचं, मग ॲपमधून नव्याने जोडायचं. एकच मशीन दोन मोबाइलना जोडलं असेल तर आकडे ज्याला आधी मिळाले त्याच्याकडे जातात. मी गणपतीला घरी गेले तेव्हा अण्णांचे पाच दिवसांचे आकडे माझ्याच मोबाइलने गिळले होते. आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट द्या, नाहीतर मोबाइल त्याला मागच्या मागे बंद करतो. एवढं करूनही नाही जमलं तर डोकेफोड करू नका. मशीनच्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं पुरतं. फोटोत आकडा, नाडी आणि वेळ तिन्ही येतात. ॲपने हे काम नीट केलं नाही म्हणून मोजणंच सोडून दिलेले लोक मला माहीत आहेत.

आकडा कोणत्या हाताचा, कोणत्या पट्ट्याचा?

इथे जरा थांबून वाचा, कारण किडनीच्या रुग्णांना इथला घोळ सगळ्यात महागात पडतो.

फिस्टुला झालेल्या हातावर बीपी कधीच मोजायचं नाही. रोहिणी आणि नीला जोडून केलेली ती वाट असते. पट्टा फुगला की तिथला रक्तप्रवाह थांबतो, गुठळी होऊ शकते, आणि उद्या डायलिसिससाठी लागणारी वाटच बंद होते. बोट ठेवलं तर तिथे मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. अण्णा रोज सकाळी ती बघतात. ती लागली नाही तर त्याच दिवशी, थेट दवाखाना. त्या हातातून रक्त काढायला देऊ नका, घड्याळ घट्ट बांधू नका. आईने मशीनच्या डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘उजवा’ लिहून ठेवलं आहे, कारण पाहुण्यातला एखादा हौशी मदतनीस डावा हात पुढे ओढतोच.

आता आलेखाची गोष्ट. फिस्टुलाच्या ऑपरेशनच्या तारखेपासून अण्णांचा आलेख एकदम एक पायरी वर गेलेला दिसत होता. वरचं बीपी नऊ-दहाने जास्त. मला वाटलं ऑपरेशनचा ताण. प्रत्यक्षात त्याआधी सगळी मोजणी डाव्या हातावर व्हायची आणि नंतर उजव्यावर. दोन हातांच्या बीपीत थोडा फरक असतोच आणि ज्या हातावर जास्त येतं तोच खरा धरायचा असतो. म्हणजे अण्णांचं बीपी आधीपासूनच तेवढं होतं, आम्ही कमी येणारा हात मोजत होतो. ही गोष्ट डॉक्टरांना तारखेसह दाखवली, तेव्हा त्यांनी मागच्या सहा महिन्यांचा हिशेब नव्याने मांडला. (फरक १५च्या वर असेल तर तो स्वतंत्रपणे डॉक्टरांच्या कानावर घाला.) नव्या माणसाने सुरुवातीलाच दोन्ही हात मोजून ठेवावेत, फिस्टुला झाल्यावर ती संधी जाते.

मग पट्टा. मशीनबरोबर येणारा मधला पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिंप्याची टेप घ्या आणि खांदा ते कोपर यांच्या मध्यावर दंड मोजा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं जास्त येतं. दंड वाळलेला आणि पट्टा मोठा असेल तर खोटं कमी. किडनीच्या आजारात माणूस खंगतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी बरोबर बसणारा पट्टा आज मोठा होऊ शकतो. अण्णांचा दंड २९वरून २५वर आलाय. आमचा पट्टा अजून चालतो, पण दर दोन-तीन महिन्यांनी मी टेप लावते.

बाहीवरून पट्टा बांधू नका. सदऱ्याची बाही वर सरकवून तिची दंडावर गच्च दोरी केली तरीही चूक, सदरा काढा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, पायावर पाय नाही, हात टेबलावर म्हणजे पट्टा छातीच्या पातळीला. हात मांडीवर लोंबला तर आकडा वाढतो. दहा सेंटिमीटर खाली म्हणजे सात-आठने जास्त. लघवी तुंबलेली असेल तरी वाढतो. बोललं तरी वाढतो, आणि आमच्याकडे खरी अडचण हीच होती. अण्णा पट्टा फुगत असताना आईला भाजी कुठली आणलीस ते विचारणार. मी व्हिडिओ कॉलवर बघत होते तेव्हा त्यांचा पहिला आकडा १४८ आला. पाच मिनिटं गप्प बसवलं, माझाही आवाज बंद केला, दुसरा १३४, तिसरा १३२.

तेव्हापासूनची पद्धत अशी. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-तंबाखूच्या आधी, गोळ्यांच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून एक मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या. रात्री जेवणाआधी तशाच दोन. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस हे काटेकोर, त्यातला पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी सांगायची. एकट्या आकड्याला किंमत नाही. अण्णांना ‘एकशे छप्पन्न आलं’ म्हटलं की धडकी भरायची, आता ते म्हणतात, "शनिवारी बघू सरासरी."

नाडी अनियमित असेल तर मशीनवर हृदयाचं किंवा तसलं चिन्ह लुकलुकतं. मशीन पट्ट्यातली कंपनं टिपून त्यावरून आकडा काढतं, ठोके वेडेवाकडे असले की ते गणित डळमळतं. ते चिन्ह पुन्हा पुन्हा दिसलं तर डॉक्टरांना सांगा. मनगटाची मशीनं आणि बीपी सांगणारी घड्याळं मी सुचवणार नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपचा तर विषयच सोडा: जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१६मध्ये अशा एका लोकप्रिय ॲपची परीक्षा घेतली, तर ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं अशा दहांतल्या जवळपास आठांना त्याने ‘ठीक आहे’ असं सांगितलं होतं. मशीन दंडाचंच घ्या. स्ट्राइड बीपीच्या संकेतस्थळावर तपासून मान्य केलेल्या मशीनची यादी असते. आणि वर्षातून एकदा ते मशीन पिशवीत घालून दवाखान्यात न्या, तिथल्या मशीनशी ताडून बघा.

आणि एकदा आकडा खराच होता

वरचं सगळं दुरुस्त झाल्यावर चार महिने शांतता. मग पुन्हा लाल. नाडी अण्णांचीच, तारखा बरोबर, हात उजवा, सदरा काढलेला. सोमवार ते बुधवार १५०च्या पुढे, गुरुवारपासून उतरत शनिवारी १३४. पुढच्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही. चौथ्यात पुन्हा.

मीठ विचारलं. आईने लोणचं, पापड, कुरडया केव्हाच बंद केल्या होत्या. (सैंधव हे मीठच आहे, ते ‘चालतं’ हा गैरसमज. त्याहून धोकादायक म्हणजे ‘लो सोडियम’ मीठ: त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना न विचारता ते घरात आणू नका.) गोळ्या चुकत नव्हत्या, पाकिटं मोजली.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय लटकलेलं असतं. दुधाचा रतीब, गॅस कधी लावला, कोण येऊन गेलं, सगळं आई त्यावर लिहिते. मी तिला फोटो पाठवायला सांगितला आणि ॲपचा आलेख शेजारी ठेवून दोन्हींचा ताळा मांडला. ज्या आठवड्यांत बीपी चढलं त्या प्रत्येक रविवारच्या चौकोनात आईच्या अक्षरात एकच शब्द होता: ‘शेत’. ज्या आठवड्यात चढलं नाही त्या रविवारी पाऊस होता, अण्णा गेले नव्हते.

"अण्णा, शेतावर काय खाता?"

"भाकरी-पिठलं. कमी मिठाचं. तुझ्या आईला विचार."

"आणि आल्यावर?"

मग बराच वेळ काहीच नाही. आईच्या मागून भांड्यांचा आवाज. "गुडघे धरतात गं. मेडिकलवाल्याकडनं दोन गोळ्या आणतो. रविवारी एक, सोमवारी एक. बाकी काही नाही."

त्या गोळ्या सुपारीच्या डबीत होत्या. डायक्लोफिनॅकच्या. ही आणि आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी करतात आणि किडनीकडे जाणारं रक्त आवळतात. चौथ्या टप्प्यातल्या माणसासाठी ते विषासमान. आईला तेव्हा आठवलं की सोमवारी अण्णांच्या घोट्यावर मोज्यांचा वळ खोल उमटलेला असायचा. डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या, गुडघ्यांसाठी दुसरा उपाय लिहून दिला, पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन (रक्तातलं, किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं) पुन्हा तपासलं. त्यानंतर सोमवारची लाल पट्टी आलेली नाही.

हे दवाखान्यात कधीच दिसलं नसतं. अण्णांची तारीख नेहमी शनिवारी असते.

म्हणून ॲपमध्ये ‘टिपणी’चा रकाना असेल तर तो वापरा. टाइप करायला जमत नसेल तर आवाजात पाठवा. अण्णा आता व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात: "एकशे एकतीस, शहात्तर. काल लग्नात जेवलो." जेवलो म्हणजे काय ते मला कळतं.

खरा आकडा आला, पुढे काय?

ॲपमध्ये लाल-हिरव्याची रेघ कुठे ओढायची हे ॲपला ठरवू देऊ नका. आमच्या ॲपने ती कारखान्यातूनच ओढून दिली होती. साधारणपणे दवाखान्यातलं १४०/९० म्हणजे घरचं १३५/८५ असं धरतात. किडनीच्या रुग्णांसाठी बहुतेकदा त्याहून खालचं लक्ष्य असतं. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना डायलिसिस नसलेल्यांसाठी वरचं बीपी १२०च्या खाली सांगतात, पण तो आकडा दवाखान्यात प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या बीपीचा आहे. तो वाचून घरी स्वतःच १२०ची रेघ ओढाल तर रोज लाल दिसेल आणि चक्कर येणारं वय असेल तर भलतंच होईल. अण्णांसाठी डॉक्टरांनी घरचं १३०/८० ठरवलं आणि खालची मर्यादाही दिली: ११०च्या खाली गेलं किंवा उभं राहिल्यावर २०ने पडलं तर कळवायचं. खालची रेघ बहुतेक ॲपमध्ये नसते. आमच्याकडे ती कालनिर्णयवर लिहिलेली आहे.

१८०/१२०च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढंच आलं तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा. आणि बरोबर छातीत दुखणं, दम, बोलताना अडखळणं, हातपाय लुळा पडणं, अंधारी किंवा असह्य डोकेदुखी असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट न बघता थेट रुग्णालय. जुलाब-उलट्या झाल्या तरी फोन करा, कारण किडनीच्या रुग्णांच्या काही बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या अशा वेळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते डॉक्टर सांगतील. आकडा बघून स्वतः गोळी कमी-जास्त करायची नाही, हे मी भेलकांडलेल्या अण्णांना बघून शिकले.

डायलिसिसवाल्यांसाठी थोडं वेगळं. दोन डायलिसिसमधलं अंतर जास्त असलं की पाणी साठतं आणि बीपी चढतं, म्हणून सोम-बुध-शुक्र डायलिसिस असणाऱ्याचं सोमवार सकाळचं बीपी लाल येणं ॲपचा दोष नाही. नोंद मधल्या दिवसांची ठेवा आणि तिच्याशेजारी वजन लिहा.

या सगळ्याचा उपयोग होतो का, असं अण्णांच्या मित्रांनी विचारलं. टोरंटोत आजार बराच पुढे गेलेल्या ४७ किडनी रुग्णांना सहा महिने मोबाइलवरचं असं ॲप देऊन पाहिलं होतं; तो अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. घरचं वरचं बीपी सरासरी ३.४ने उतरलं, जे फारसं नाही, आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली: दवाखान्यात ज्यांचं बीपी ठीक यायचं त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांचं घरी वाढलेलं सापडलं, आणि औषधांच्या यादीतल्या १२७ विसंगती उघड झाल्या. सुपारीच्या डबीतल्या गोळ्या मला तेव्हा आठवल्या.

आकडा पोचल्यावर पलीकडे कुणी बघणारं आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या. माझी समजूत होती की ॲप लाल झालं की दवाखान्यात घंटी वाजते. तिथे काहीच वाजत नव्हतं. मी पाठवलेला स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या दोनशे ‘गुड मॉर्निंग’मध्ये पडून असायचा. आपल्याकडे २०१७मध्ये सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या बीपी आटोक्यात ठेवण्याच्या उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्यात नर्स ‘सिम्पल’ नावाच्या ॲपवर बीपी नोंदवतात आणि जो रुग्ण तारखेला आला नाही त्याची यादी ॲप त्यांच्यापुढे ठेवतं, मग फोन जातो. तिथे बघणारं माणूस नेमलेलं आहे. आमच्याकडे आम्ही ते ठरवून घेतलं: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सहा दिवसांची सरासरी, सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी आणि गोळ्यांची यादी असा चार ओळींचा निरोप दवाखान्यातल्या सिस्टरना पाठवते. त्या ‘पाहिलं’ म्हणून उत्तर देतात. उत्तर आलं नाही तर मंगळवारी फोन करते.

एक बिघाड अजून शिल्लक आहे. या महिन्यात रात्रीच्या अकरा नोंदी नाहीत. मशीन ठीक, सेल नवे, लोकेशन चालू. आईला विचारलं तर ती म्हणाली, साडेसातला मालिका लागते आणि मशीन टीव्हीखालच्या कप्प्यात आहे, मध्ये उठून गेलेलं त्यांना चालत नाही. पुढच्या रविवारी जाते आहे, तेव्हा मशीन जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे.